‘जाऊ दे’ म्हणण्याआधी
(वाशी येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० सालची. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेऊन नवी मुंबई हे शहर वसवायचं ठरलं. गिरगाव, परळ, दादरच्या दोन खोल्यांतून जी कुटुंबं वाशीला, नेरुळला, बेलापूरला राहायला आली, त्यांतले नवरा-बायको तेव्हा तिशी-पस्तिशीचे होते. १९९२मध्ये वाशीपर्यंत लोकल आली, त्याच वर्षी महानगरपालिका अस्तित्वात आली आणि वस्ती भराभर वाढली. ती पहिली पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे. मुलं हिंजवडीला, बंगळुरूला, नाहीतर न्यू जर्सीला. घरात दोघंच, किंवा एकटंच कोणी. अशा घरात दिवसभरात जी थोडीफार वाक्यं बोलली जातात, त्यांतलं प्रत्येक वाक्य मोलाचं असतं. तीच वाक्यं हळूहळू पोचेनाशी झाली तर घराचं काय होतं, हा माझा आजचा विषय.

मी श्रवणतज्ज्ञ आहे, याच शहरात काम करते. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांपैकी बहुतेकांना कोणीतरी घेऊन आलेलं असतं: बायको, सून, अमेरिकेतून महिनाभरासाठी आलेला मुलगा. स्वतःहून ‘मला कमी ऐकू येतंय, तपासा’ म्हणत आलेली व्यक्ती क्वचित भेटते. यात त्या व्यक्तीचा दोष नाही. ज्याचं ऐकणं सावकाश कमी होतं त्याला ते कळतच नाही, आणि ते का कळत नाही, इथूनच सुरुवात करायला हवी.

त्याआधी एक फरक स्पष्ट करते, कारण त्यात गल्लत झाली तर भरून न येणारं नुकसान होतं. जून २०२४मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी जाहीरपणे सांगितलं की, विमानातून उतरल्यावर त्यांना एकाएकी ऐकू येईनासं झालं. विषाणूसंसर्गामुळे श्रवणाच्या नसेवर परिणाम झाल्याचं त्यांचं निदान होतं. असं एका दिवसात, एका रात्रीत ऐकणं गेलं, मग ते एकाच कानाचं का असेना, तर ती तातडीची गोष्ट आहे. सर्दी असेल, मळ असेल, चार दिवस बघू, असं करत बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू झाले तर ऐकणं परत येण्याची आशा जास्त असते. एवढं सांगून हा भाग सोडते. मला बोलायचं आहे ते दहा-पंधरा वर्षं चालू असलेल्या आणि कोणाच्या लक्षात न येणाऱ्या बदलाबद्दल.

आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक अवयव असतो. प्रत्येक बाजूच्या शंखात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीची थरथर त्या टिपतात, तिचा विद्युतसंदेश करतात आणि नस तो मेंदूकडे नेते. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी बारीक, उंच पट्टीतले आवाज टिपतात, आत खोलवरच्या पेशी खर्जातले. वयाबरोबर आधी झिजतात त्या तोंडाजवळच्या. पक्ष्यांमध्ये या पेशी नव्याने तयार होतात. माणसात होत नाहीत.

परिणाम काय होतो? ट्रकचा घरघराट ऐकू येतो, दार आपटलेलं ऐकू येतं, वरच्या मजल्यावर कोणी पलंग सरकवला तरी ऐकू येतं. मग घरातले म्हणतात, ‘एवढं सगळं ऐकू येतं आणि मी बोललेलं तेवढं ऐकू येत नाही?’ हो, तसंच होतं. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि जोरकस असतात. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे समजतं. पण शब्द ओळखायचा तो व्यंजनांवरून, आणि स, श, फ, थ, ख, ठ, च ही व्यंजनं बारीक आणि क्षीण असतात. ‘साठ’मधला स गळला की ‘आठ’ उरतो. बाजारात भाजीवाला साठ रुपये सांगतो, आजोबा दहाची नोट पुढे करतात आणि सुट्टे दोन रुपये परत मिळण्याची वाट पाहत उभे राहतात. साडेसात आणि साडेआठ यांत गोंधळ होतो, ‘फार’चा ‘पार’ होतो. माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळे एकच तक्रार सांगतात: ‘ऐकू येतं हो, पण समजत नाही.’ त्यांचं म्हणणं शब्दशः खरं असतं. त्यावर ‘आजकाल कोणी स्पष्ट बोलतच नाही’ असंही ते म्हणतात, आणि त्यांच्या कानांपुरतं तेही खरंच असतं.

मेंदू मात्र हुशार आहे. गळलेली अक्षरं तो अंदाजाने भरून काढतो. विषय ओळखीचा असेल, माणूस ओळखीचा असेल, खोली शांत असेल तर अंदाज बरोबर ठरतात आणि काही कमी पडतंय हे कोणाच्याच लक्षात येत नाही. शिवाय आपण सगळेच नकळत समोरच्याचे ओठ वाचत असतो. २०२० साली सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि अनेकांना एकाएकी आपल्याला बोलणं समजत नाही असं वाटू लागलं. कान तेच होते, आधार गेला होता. औषधाच्या दुकानात, बँकेच्या काचेआड, डॉक्टरांसमोर माणसं गडबडली. त्या दोन वर्षांत माझ्याकडे आलेल्या कितीतरी लोकांना आपलं ऐकणं कमी झाल्याचं कोणा डॉक्टरांनी नाही, मास्कने सांगितलं.

अंदाजावर जगणाऱ्या माणसाच्या काही खुणा असतात. टीव्हीचा आवाज इतरांना नकोसा होईल इतका वाढलेला असतो. फोन उचलायचं टाळलं जातं, किंवा उचलून लगेच दुसऱ्याच्या हातात दिला जातो. दोघांशी बोलताना ठीक असतं, चौघांत गप्प होणं सुरू होतं. लहान मुलांचं आणि बायकांचं बोलणं आधी हुकतं, कारण त्यांचे आवाज उंच असतात. संध्याकाळी विलक्षण थकवा येतो, कारण दिवसभर कान लावून ऐकणं हे कष्टाचं काम आहे. पण मला सर्वांत मोठी खूण वाटते ती वेगळीच. घरातले त्या माणसाच्या स्वभावाबद्दल तक्रार करू लागतात. बाबा हेकट झालेत. ह्यांचं माझ्याकडे लक्षच नसतं. सासूबाईंना सोयीचं तेवढंच ऐकू येतं. आजोबा विसरायला लागले. स्वभाव या वयात सहसा एकाएकी बदलत नाही. बदललाय असं वाटलं की आधी कान तपासावेत, असं मी प्रत्येक घराला सांगते. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी आठवत नाही म्हणून ज्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं जातं, त्यांतल्या काहींना सकाळी ते नीट ऐकूच आलेलं नसतं. जे कानावर पडलं नाही ते आठवणार कसं?

असंच एक नेरुळचं जोडपं. गृहस्थ निवृत्त, बोलण्यात आदबशीर. ‘मला व्यवस्थित ऐकू येतं, हिला पुटपुटायची सवय आहे,’ हे त्यांचं म्हणणं. बाई काही बोलल्या नाहीत, खुर्चीत अंग चोरून बसल्या. मी गृहस्थांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. कितीही बारीक शिट्टी ऐकू आली तरी बटण दाबायचं. बाई काचेच्या अलीकडे माझ्या बाजूला होत्या. मी आवाज सोडला की यंत्रावर एक दिवा लागतो, त्यांनी बटण दाबलं की दुसरा. ५०० हर्ट्झ, १००० हर्ट्झ, दोन्ही दिवे पाठोपाठ लागत होते. २०००ला दुसरा दिवा रेंगाळू लागला. ४०००ला मी आवाज चढवत नेला, ३० डेसिबल, ४०, ५०, तरी दुसरा दिवा काही लागेना. आत गृहस्थ डोळे मिटून, पूर्ण लक्ष लावून बसलेले दिसत होते. अंगठा बटणावर तयार होता. ६०ला दिवा लागला. बाईंनी अगदी हलक्या आवाजात मला विचारलं, ‘म्हणजे हे मुद्दाम नव्हते करत?’

त्या प्रश्नाला किती वर्षांचा राग चिकटलेला होता, ते त्या दोघांनाच ठाऊक. आलेखावर उजव्या कानासाठी लाल गोल मांडतात, डाव्यासाठी निळी फुली. गृहस्थांच्या कागदावर गोल आणि फुल्या डावीकडे वर होत्या आणि उजवीकडे पायऱ्या उतराव्यात तशा खाली गेल्या होत्या. मी तो कागद आधी बाईंना समजावून सांगितला, मग गृहस्थांना. आता मी नेहमीच तसं करते. ज्याचं ऐकणं गेलं त्याच्याइतकीच माहिती त्याच्याशी बोलणाऱ्याला हवी असते.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांना मी त्यांच्या अखेरच्या काळात ओळखू लागले. इथल्या कट्ट्यावर त्यांच्या तोडीचा गप्पिष्ट नव्हता, असं जुनी मंडळी सांगतात. मग ते हळूहळू येईनासे झाले. कोणी म्हणालं, तब्येत बरी नसते. कोणी म्हणालं, आता ते स्वतःतच रमतात. खरं काय होतं ते त्यांनी एकदा मला सांगितलं. कट्ट्यावर विषय झरझर बदलतो. एक जण राजकारणावर असतो, तेवढ्यात दुसरा गुडघ्यांवर येतो, तिसरा विनोद करतो. सर आधीच्या वाक्याचा अर्थ जुळवत असायचे तोवर गाडी पुढे गेलेली असायची. आयुष्यभर वर्गात शिकवलेल्या माणसाला भलत्याच प्रश्नाचं भलतंच उत्तर आपल्या तोंडून जाण्याची भीती वाटू लागली, आणि त्या भीतीपायी ते घरी बसले. सरांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांच्यासाठी थांबून, वळून, समोर येऊन बोलायचं असतं हे कट्ट्याला कोणी सांगितलं नव्हतं.

घरांमध्येही तेच होतं, फक्त जास्त जवळून. जेवणाच्या टेबलावर नातू काहीतरी सांगतो, सगळे हसतात. आजी विचारतात, ‘काय गं, काय म्हणाला तो?’ सून म्हणते, ‘काही नाही आई, जाऊ द्या.’ सुनेच्या मनात वाईट काही नसतं. वाक्य क्षुल्लक असतं, परत सांगण्याइतकं ते महत्त्वाचं नाही असं तिला प्रामाणिकपणे वाटतं. पण महत्त्वाचं काय आणि क्षुल्लक काय हे ठरवण्याचा आजींचा हक्क त्या दोन शब्दांत जातो. आणि खरं सांगू? माणसाला आपल्या माणसांत ठेवतात ती क्षुल्लक वाक्यंच. औषधाची वेळ, विजेचं बिल, पाहुणे कधी येणार, हे कसंही करून सांगितलं जातंच. ‘अहो, समोरच्या बाल्कनीत बघा, काय मस्त फूल आलंय,’ हे वाक्य दोनदा सांगायचा कंटाळा येतो आणि ते बंद होतं. काही वर्षांत घरात फक्त कामाचं बोलणं उरतं. आजी विचारायचं सोडतात. सगळे हसले की त्याही हसतात, क्षणभर उशिराने.

मग ‘हो हो’ सुरू होतं. ज्याला नीट समजलं नाही तो मान डोलावतो, कारण तिसऱ्यांदा ‘काय?’ विचारायला लाज वाटते. दिवाणखान्यात हे चालून जातं. डॉक्टरांसमोर चालत नाही. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, अर्धी की पूर्ण, हे ‘हो हो’वर सोडता येत नाही. माझी ज्येष्ठांना कळकळीची विनंती आहे: दवाखान्यात, बँकेत, औषधाच्या दुकानात पहिलंच वाक्य असं बोला, ‘मला जरा कमी ऐकू येतं, माझ्याकडे बघून सावकाश सांगा, आणि आकडे लिहून द्या.’ यात कमीपणा नाही. समोरचा माणूस हे ऐकल्यावर जवळजवळ नेहमी बदलतो. त्याला तुमची अडचण दिसत नसते, एवढंच.

हा संकोच फार जुना आहे. बेटोफेनने १८०२मध्ये आपल्या भावांना उद्देशून लिहून ठेवलं की, मला ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला, असं लोकांना सांगणं त्याला अशक्य होतं. संगीतकार होता, वय जेमतेम एकतीस. लोक त्याला माणूसघाणा समजत आणि तो ते समजू देत होता. पुढे १८१८पासून तो वह्या बाळगू लागला. भेटायला आलेली माणसं त्यात आपलं म्हणणं लिहीत आणि तो तोंडाने उत्तर देई. त्या सव्वाशेहून जास्त वह्या आज उपलब्ध आहेत. त्यांत बहुतांशी पाहुण्यांचं बोलणंच सापडतं, त्याची उत्तरं हवेत विरली. मला त्या वह्यांमधली त्याच्या भेटीला आलेली माणसं महत्त्वाची वाटतात. पेन उचलून, वेळ काढून, एकेक वाक्य लिहायला ती तयार होती.

आज आपल्याला तेवढेही कष्ट नाहीत. मराठीत बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारी सोय साध्या मोबाइलवर मिळते. नातवाने एकदा बसून ती आजोबांच्या फोनवर घालून द्यावी. ती चुका करते, नावं तर हमखास बिघडवते, पण फोन टेबलावर मधोमध ठेवला तर चौघांच्या गप्पांत विषय काय चाललाय एवढं तरी कळतं. परदेशातल्या मुलांशी बोलताना साध्या फोनऐवजी व्हिडिओ कॉल करा, आणि मुलांनो, खिडकीकडे पाठ करून बसू नका. मागे उजेड असला की तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ दिसेनासे होतात.

घरात कसं बोलावं, याबद्दल थोडं सविस्तर सांगते. आधी नावाने हाक मारा, त्यांनी तुमच्याकडे पाहिलं की मग बोला. स्वयंपाकघरातून, नळ चालू असताना, पाठमोऱ्याने सांगितलेलं वाक्य सांगितलं असं धरूच नका. दोन-चार फुटांवर या. ओरडू नका. ज्यांच्या केशपेशी झिजल्या आहेत त्यांना हलका आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र टोचतो, या दोन्ही गोष्टी एकाच कानात घडतात. ‘मोठ्याने बोल’ आणि लगेच ‘ओरडतेस कशाला’ हे एकाच माणसाच्या तोंडून येतं ते म्हणूनच. शिवाय ओरडताना चेहरा रागावलेला दिसतो, आणि ऐकू कमी येणारा माणूस चेहरा फार बारकाईने वाचत असतो. किंचित सावकाश बोला, पण तोडून तोडून नको. एखादं वाक्य दोनदा पोचलं नाही तर तेच तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. ‘साडेसातला निघायचंय’ हुकत असेल तर ‘आपण संध्याकाळी सातनंतर निघू, बातम्या संपल्या की’ म्हणा. विषय बदलताना सांगा: ‘आता मी दिवाळीच्या तिकिटांबद्दल बोलतेय.’ आणि ऐकणाऱ्याने नुसतं ‘काय?’ विचारू नये. ‘किती वाजता म्हणालीस?’ असं विचारावं. मग बोलणाऱ्याला एकच शब्द परत सांगावा लागतो, पूर्ण वाक्याची चिडचिड होत नाही.

आपली घरंही या बाबतीत फारशी दयाळू नाहीत. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेच्या सरकत्या खिडक्या, वर पंखा, पलीकडे सायन-पनवेल महामार्ग किंवा हार्बरची गाडी. आवाज भिंतींवर आपटून घुमतो आणि बारीक व्यंजनं त्यात बुडतात. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, टेबलावर कापड, पुस्तकांचं कपाट यांनी घुमणं कमी होतं. बोलताना टीव्ही बंद करावा, आवाज नुसता कमी करून भागत नाही. हे उपाय इतके साधे आहेत की लोकांना ते उपाय वाटतच नाहीत.

यंत्राबद्दल. श्रवणयंत्राला चष्म्यासारखं समजू नका. चष्मा लावला की त्या क्षणी दिसतं. यंत्र लावल्यावर पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची सळसळ, स्वतःचा आवाज, सगळंच अंगावर येतं. मेंदू कित्येक वर्षं हे आवाज विसरलेला असतो. ते परत ओळखीचे व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. सुरुवातीला दिवसातले दोन-तीन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना वापरायचं आणि हळूहळू वाढवायचं. बसवणाऱ्याकडे दोन-तीनदा परत जाऊन ते जुळवून घ्यायचं. हा धीर सुटतो आणि यंत्र कपाटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालाप्रमाणे ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होईल त्यांतले फक्त १७ टक्के लोक ते वापरतात. आणि दोन्ही कान गेलेले असताना एकाच कानाला यंत्र लावून आवाज कुठून आला ते कळत नाही, गर्दीत तर फारच कमी फायदा होतो. यंत्र घेण्याआधी मात्र कान तज्ज्ञांकडून पाहून घ्या. मळ साचलेला असतो, पडद्याला भोक असतं, मधल्या कानातलं हाड घट्ट झालेलं असतं, आणि यांवर उपचार होऊ शकतात.

स्मृतिभ्रंशाचा प्रश्न हल्ली सगळे विचारतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांत कमी ऐकू येण्याचा समावेश केला आहे, आणि त्याचं वजन बऱ्यापैकी आहे. पण २०२३मधल्या एका मोठ्या चाचणीत असं दिसलं की, श्रवणयंत्रामुळे स्मृतीची घसरण सगळ्यांत मंदावली नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात मंदावली. ‘यंत्र घ्या नाहीतर वेड लागेल’ अशी भीती घालून विक्री करणं मला मुळीच मान्य नाही. माणसांशी नीट बोलता यावं हे कारण पुरेसं आहे.

पैशांचा मुद्दा टाळून चालणार नाही. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना साहाय्यक साधनं देते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४पासून आहे: वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांपर्यंत, तर एकरकमी ३,००० रुपये. त्यात श्रवणयंत्र बसतं, पण तीन हजारांत दोन कानांची चांगली यंत्रं येत नाहीत हे सरकारलाही माहीत असावं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कमी ऐकू येणारे’ म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल हानी असलेले. नेरुळच्या त्या गृहस्थांसारखा माणूस या रेषेच्या अलीकडेच राहतो. संभाषण मोडतं ते ४० डेसिबलच्या आसपास आणि कायद्याची दखल सुरू होते ती ६०ला. मधल्या पट्ट्यात आपल्या शहरातले कितीतरी ज्येष्ठ आहेत, आणि त्यांच्यासाठी फेस्कॉमसारख्या ज्येष्ठांच्या संघटनांनी मागणी लावून धरायला हवी. तपासणीसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३पासून. वडाळ्याला गाडी बदलून जाता येतं. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातला श्रवण आणि वाचा विभागही जुना आणि अनुभवी आहे.

दोन प्रकारची माणसं या सगळ्यात मागे राहतात. एक, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले जुने कामगार. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेलं. कानात घालायचे बोळे मिळत, पण उकाड्यात आणि मुकादमाची हाक ऐकू यावी म्हणून ते खिशातच राहत. आवाजाने कान जातो तेव्हा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. ८५ डेसिबल आठ तास सोसतात, पण तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. हळदीच्या डीजेपुढे नाचणाऱ्या आपल्या मुलांनी हा हिशेब ऐकून ठेवावा. आवाजामुळे येणारं बहिरेपण १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार म्हणून होतं. तरी निवृत्त कामगार माझ्याकडे येतात ते ‘वय झालं’ म्हणत.

दुसऱ्या, घरातल्या वृद्ध बायका. बाबांचा टीव्ही मोठा झाला की घर जागं होतं. आईचं ऐकणं कमी झालेलं वर्षानुवर्षं कळत नाही, कारण तिचा दिवस सवयीने चालतो आणि तिला सूचना दिल्या जातात, तिच्याशी गप्पा कमीच मारल्या जातात. यंत्राची किंमत ऐकली की तीच म्हणते, ‘मला काय करायचंय आता ऐकून, ह्यांच्यासाठी घ्या.’ मुलांनी हे वाक्य मान्य करू नये. आईला एकटीला घेऊन या, तपासणी करा, आणि निर्णय तिच्या नावाने घ्या.

महापालिकेची विरंगुळा केंद्रं आपल्या प्रत्येक विभागात आहेत. तिथे करण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. रांगेत खुर्च्या मांडण्याऐवजी गोल बसा, म्हणजे सगळ्यांचे चेहरे दिसतात. एका वेळी एकानेच बोलायचं, आणि बोलण्याआधी हात वर करायचा, म्हणजे कुठे बघायचं ते कळतं. पंख्याखालची आणि रस्त्याकडच्या खिडकीजवळची जागा ज्यांचे कान चांगले आहेत त्यांनी घ्यावी. वर्षातून एकदा, ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो, त्या आठवड्यात श्रवणतपासणी ठेवा. मी आणि माझे सहकारी विनामूल्य येऊ. एखादा सदस्य तीन आठवडे आला नाही तर फोन करू नका, फोन त्याला ऐकू येत नसेल. घरी जा.

प्रश्नोत्तरांसाठी कार्यकर्त्यांनी वेळ राखून ठेवला आहे. प्रश्न विचारणाऱ्यांनी माइक हातात आल्याशिवाय सुरुवात करू नये, आणि अध्यक्षांना विनंती की त्यांनी प्रत्येक प्रश्न एकदा स्वतः परत सांगावा. ज्यांना आत्तापर्यंतचं काही हुकलं असेल त्यांनी हात वर करावा. मी तो भाग दुसऱ्या शब्दांत परत सांगते.